नदी न आटणारा नकाशा

खेळ सुरू होतो तेव्हा पडद्यावर जवळजवळ काहीच नसतं. चहूकडे काळोख, मधोमध मोजके उजळलेले चौकोन आणि त्यांवर उभा एक सेटलर. वर्ष इसवी सनापूर्वी 4000. डावीकडे गवताळ जमीन, तिला लागून नदी, दोन चौकोन पलीकडे टेकडी. सेटलरला इथंच गाव वसवायला सांगायचं, की दोन टर्न घालवून टेकडीच्या पायथ्याशी न्यायचं? गवताळ जमिनीत धान्य जास्त, टेकडीत बांधकामाचा माल जास्त. गावातला प्रत्येक माणूस दर टर्नला दोन वाटे धान्य खाणार, उरलेलं कोठारात पडणार, कोठार भरलं की वस्ती एकाने वाढणार. हा हिशेब मनात चालू असताना समोरून कुणी तोफ डागत नाही आणि घड्याळही पळत नाही. तुम्ही अर्धा तास त्या टेकडीकडे बघत बसलात, तरी संगणक मुकाट थांबलेला असतो.

टर्न-बेस्ड साम्राज्य-खेळांचं मर्म या थांबण्यात आहे. बोटांच्या चपळाईला इथं किंमत नाही. किंमत आहे ती निवडीला, आणि निवडीचं बिल उशिरा येतं. पहिल्या टर्नला नदी सोडून टेकडी धरली, तर तिचा जाच कधी कधी शंभराव्या टर्नला कळतो: शेजारचं शहर दुपटीने वाढलेलं असतं, आपलं जिथल्या तिथं. मधल्या काळात आपण शंभर निर्णय घेतलेले असतात, त्यामुळे मूळ कुठं चुकलं ते शोधायला स्वतःचाच डाव मागे जाऊन वाचावा लागतो. मला हा खेळ आवडतो तो याच कारणाने, आणि नांदेड-लातूरच्या वाचकाने तो जाणून घ्यावा असं वाटतं तेही याच कारणाने. उशिरा येणारी बिलं काय असतात, हे आपल्या भागाला कुणी नव्याने शिकवायला नको.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1991 साली अमेरिकेतल्या मायक्रोप्रोज कंपनीने ‘सिव्हिलायझेशन’ बाजारात आणला. सिड मायर आणि ब्रूस शेली ही त्यामागची जोडगोळी. या नावाचा एक पटावरचा खेळ फ्रान्सिस ट्रेशम यांनी 1980 मध्ये आधीच काढलेला होता. मायर यांचा पहिला कच्चा आराखडा टर्नचा नव्हताच. ‘सिमसिटी’सारखा, वेळ आपोआप पुढे सरकत राहील असा तो होता. तो जमेना म्हणून त्यांनी काम बाजूला ठेवलं आणि परत हातात घेतलं तेव्हा वेळ खेळाडूच्या स्वाधीन केली. हा एक बदल झाला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं माझं मत आहे. 1993 मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ आला. त्याच्याविषयी लिहिताना ॲलन एमरिक यांनी या जातीच्या खेळांना ‘फोर-एक्स’ हे नाव दिलं: शोधा, पसरा, उपसा, संपवा. 1996 मध्ये ‘सिव्हिलायझेशन 2’, 2005 मध्ये चौथा, 2010 मध्ये चौकोनांऐवजी षट्कोन आणणारा पाचवा, 2016 मध्ये सहावा, 2025 मध्ये सातवा. दरम्यान डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘फ्रीसिव्ह’ नावाचा मुक्त खेळ लिहिला. तो आजही फुकट मिळतो आणि जुन्या संगणकावर विनातक्रार चालतो.

जुन्या संगणकाचं मुद्दाम बोलतोय. महागडं ग्राफिक्स कार्ड, वेगवान इंटरनेट आणि अखंड वीज हे त्रिकूट जिथं एकत्र नांदतं तिथं कुठलाही खेळ चालतो. आपल्याकडे असेंबल केलेला संगणक तिघा-चौघांत एक असायचा आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक परीक्षेच्या वेळापत्रकाइतकंच पाठ असायचं. अशा ठिकाणी टर्नचा खेळ टिकतो. वीज गेली तर मागच्या टर्नला आपोआप झालेला सेव्ह शाबूत राहतो. इंटरनेट नसलं तरी एकाच कीबोर्डवर चौघं आळीपाळीने बसतात. आपली टर्न संपली की उठायचं आणि दुसऱ्याच्या पडद्याकडे पाठ करून बसायचं, हा हॉटसीटचा साधा धर्म. बाहेरगावाहून येऊन लातुरात रूम करून राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या मुलांना हे चित्र नव्याने समजावून सांगावं लागणार नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ. या खेळात ‘तुमची राजधानी कुठं?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि लातूरकडे या प्रश्नाचं फार जुनं उत्तर आहे. राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदांत स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असं अ. स. अळतेकरांसारख्या इतिहासकारांनी मानलं आहे. दंतिदुर्गाने बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली ती इसवी सन 753 च्या सुमारास. त्याच्यामागून आलेल्या पहिल्या कृष्णाने वेरूळला कैलास कोरवला. ध्रुव आणि तिसरा गोविंद गंगेच्या खोऱ्यापर्यंत जाऊन आले. 851 च्या सुमारास लिहिलेल्या अरबी वृत्तांतात इथल्या राजाची, बल्हराची, गणना जगातल्या चार थोर राजांत केलेली आहे. मात्र राज्य चाललं ते लातुरातून नाही. चौसष्ट वर्षं गादीवर असलेल्या अमोघवर्षाने राजधानी मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला, वसवली. मूळगावाचं नाव बिरुदात राहिलं आणि दरबार कागिणा नदीकाठी गेला. खेळातसुद्धा जाणता खेळाडू कधी कधी हेच करतो. पहिलं शहर भावनेने धरून न ठेवता, राज्य जिकडे पसरलं त्याच्या मध्यावर राजधानी हलवतो, कारण राजधानीपासून जितकं लांब तितका शहराचा वसूल गळतीत जातो, असा जुन्या आवृत्त्यांचा नियम आहे. पण मध्यावरची राजधानी सुरक्षित असतेच असं नाही. 972 मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटलं आणि वर्षभरात दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूट सत्ता संपवली.

नांदेड जिल्ह्यातलं कंधार याच साम्राज्याचा दुसरा धागा. तिसरा कृष्ण ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे बिरुद लावत असे. हा राजा 949 मध्ये तक्कोलमला चोळांना हरवून थेट दक्षिणेपर्यंत पोचला होता. कंधारला गेलात तर आधी किल्ल्यात शिरू नका, खंदकापाशी थांबा. भुईकोट किल्ला, म्हणजे डोंगराचं संरक्षण नाही. म्हणून भोवती रुंद खंदक खणला आणि त्यात पाणी खेळवलं. गावाजवळच जगत्तुंग सागर हा तलाव आहे. जगत्तुंग ही राष्ट्रकूटांची पदवी. खंदकाच्या काठावर उभं राहून एकदा तलावाच्या दिशेने आणि एकदा तटाकडे पाहिलं, की बांधणाऱ्याने कोणता हिशेब मांडला होता तो कळतो: पाणी आधी, भिंत नंतर. पडद्यावर ‘इथं गाव वसवू का?’ म्हणून अडखळणाऱ्या नवख्याला मी कंधारचा खंदक दाखवीन.

मराठ्यांना खेळता येईल असा मोठा खेळ कोणता, हा प्रश्न आपल्याकडची मुलं हटकून विचारतात. 2009 चा ‘एम्पायर: टोटल वॉर’ हे त्याचं एक उत्तर. त्यात लढाया प्रत्यक्ष वेळेत होतात, पण राज्यकारभाराचा नकाशा टर्नचा आहे. डाव 1700 साली सुरू होतो आणि वर्षाला दोन टर्न मिळतात. हा हिशेब घेऊन उदगीरला या. फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला कोंडीत पकडलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी निकाल लावला आणि तहात दौलताबाद, असीरगड, बुऱ्हाणपूर यांच्यासह सुमारे 60 लाखांचा मुलूख मिळाला. मार्चमध्ये तेच भाऊ, तेच गारदी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून उत्तरेकडे निघाले. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. उदगीर ते पानिपत, खेळाच्या मापाने जेमतेम दोन टर्न. उदगीरला मिळालेला मुलूख पचवायला, तिथं माणसं नेमायला, वसूल बसवायला सवडच मिळाली नाही. निजाम पुन्हा उठला. 10 ऑगस्ट 1763 ला बीड जिल्ह्यात गोदाकाठी राक्षसभुवनला त्याच्याशी परत लढावं लागलं. जिंकलेलं शहर काही टर्न तुम्हाला काहीच देत नाही, उलट तुमचंच सैन्य खातं, हा नियम नवख्या खेळाडूला जाचक वाटतो. उदगीरच्या मुलाने तो नियम वाचून मान हलवावी.

इथवर खेळ आणि आपला इतिहास यांचं बरं जमतं. पाण्यापाशी आल्यावर जमत नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच जागेवर.

‘सिव्हिलायझेशन’च्या पहिल्या आवृत्त्यांत सिंचनाचा नियम असा: चौकोनाला नदी किंवा तळं लागून असेल, अथवा शेजारचा चौकोन आधीच भिजलेला असेल, तर सिंचन करता येतं. म्हणजे नदीकाठचा एक चौकोन भिजवला की त्याच्या आधाराने दुसरा, दुसऱ्याच्या आधाराने तिसरा, असं करत डोंगराच्या कुशीपर्यंत पाणी नेता येतं. विसाव्या चौकोनालाही पहिल्याइतकंच धान्य. कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे त्याला हा नियम ऐकवून पाहा. वरच्याने दारं मोडून पाणी घेतलं, मधल्याने ऊस लावला, आणि टेलला पोचेपर्यंत कालव्याची चारी कोरडी, हा त्याचा अनुभव. खेळातली नदी आटत नाही, आणि विहीर खोल खोल जात नाही. शंभर टर्न उपसा करा, चौकोनाचा उतारा तोच.

1991 च्या पहिल्या खेळात शहराची वस्ती दहाच्या पुढे न्यायची तर ॲक्विडक्ट, म्हणजे लांबून पाणी आणणारा जलसेतू, बांधावा लागे. एकदा बांधला की विषय संपला. लातूरने 2016 मध्ये हा विषय न संपणारा आहे हे साऱ्या देशाला दाखवलं. शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर रुळांवरून कापून मांजरेच्या खोऱ्यात आलं, ते या खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने वाढत गेल्यानंतरच्या वर्षांत. कोणत्या टर्नला कोणता निर्णय झाला आणि त्याचं बिल कधी आलं, हे ज्याला पडद्यावर शोधायची सवय लागली आहे, त्याने मांजरेचा डाव पहिल्या टर्नपासून वाचून काढावा. त्यासाठीच मी हा खेळ शिकण्याचा आग्रह धरतो.

खेळ बनवणाऱ्यांनाही ही उणीव जाणवली असावी. 2019 मध्ये सहाव्या खेळाला ‘गॅदरिंग स्टॉर्म’ ही जोड आली. तिच्यात पूर येतात, दुष्काळ पडतो, कोळसा जाळाल तसा समुद्र वर चढतो. दुष्काळात धान्य घटतं आणि ॲक्विडक्ट असलेलं शहर त्यातून वाचतं. पाऊल चांगलं आहे, पण पुरतं नाही. दुष्काळ तिथं येतो आणि काही टर्नमध्ये निघून जातो. तो माणसाने आधी घेतलेल्या पिकाच्या निर्णयातून उगवत नाही. आणि नदीवर धरण बांधलं तरी खालच्या शेजाऱ्याचं पाणी कमी होत नाही. हे वाचून धर्माबादकडचा माणूस चकित होईल. गोदावरीवरचा बाभळी बंधारा केवळ 2.74 टीएमसीचा. पण तो आजच्या तेलंगणातल्या श्रीराम सागर धरणाच्या फुगवट्यात येतो म्हणून दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाने ठरलं की 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे राहतील, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडलं जाईल. शेजाऱ्याशी करायच्या करारात तारखा आणि दरवाजे असू शकतात, एवढी साधी गोष्ट कुठल्याही साम्राज्य-खेळाच्या राजनीतीत मी पाहिलेली नाही. तिथं सोनं, घोडे, लोखंड, नकाशे यांची देवाणघेवाण होते. नदी मात्र कुणाच्याही मालकीची नसल्यासारखी वाहत राहते.

एका बाबतीत खेळ खरा ठरतो, ती म्हणजे मोठ्या कामाला लागणारा वेळ. खेळात एखादं ‘वंडर’ हाती घेतलं की शहर वीस-तीस टर्न दुसरं काही करत नाही, आणि तेवढ्यात शेजारी सैन्य वाढवतो. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये केली आणि लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते 1976 मध्ये झालं, तेव्हा नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. मधल्या अकरा वर्षांत पैसा आणि माणसं तिथं गुंतून पडली. फळ लांब आहे हे माहीत असून काम चालू ठेवणं, हा राज्यकर्त्याचा सगळ्यात अवघड गुण, आणि तो या खेळात खेळाडूच्या अंगवळणी पडतो.

आणखी एक मोठा दोष नोंदवल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. या खेळांत नकाशा वरून पाहिला जातो. वरून पाहणाऱ्याला प्रजा दिसते ती शहराच्या खिडकीतल्या चेहऱ्यांच्या रांगेसारखी: काही हसरे, काही शांत, काही चिडलेले. चिडलेले चेहरे हसऱ्यांपेक्षा जास्त झाले की कामकाज ठप्प. मग करमणुकीवर थोडा खर्च करा, देऊळ बांधा, चेहरे निवळतात. मराठवाडा अनेक शतकं दुसऱ्याच्या नकाशावरचा प्रांत राहिला. बहामनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम: रंग बदलत गेले, चौकोन तेच राहिले. जानेवारी 1948 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, ती निजामाविरुद्धच्या लढ्याला पैसा उभा करण्यासाठी. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याकडे ना राजधानी होती, ना राजाचं सैन्य. हैदराबाद मुक्तीचा 17 सप्टेंबर 1948 चा दिवस उजाडला त्यात अशा माणसांचा वाटा होता. ‘सिव्हिलायझेशन 2’ मध्ये शहर जिंकल्यावर आजूबाजूला गनिमी टोळ्या उगवतात, एवढीच काय ती दखल. ही तक्रार केवळ आपली नाही. 2018 मध्ये सहाव्या खेळात कॅनडाच्या क्री लोकांचा नेता पाउंडमेकर आणला गेला, तेव्हा त्याच समाजाच्या एका प्रमुखाने जाहीरपणे आक्षेप घेतला होता, की जमीन जिंकत सुटण्याची ही वृत्ती आमच्या पूर्वजांच्या माथी मारली जात आहे. मला तो आक्षेप पटतो. मोकळा दिसणारा नकाशा प्रत्यक्षात मोकळा नसतो.

गांधीजींची गोष्टही याच ओघात. पहिल्या खेळापासून भारताचे नेते म्हणून गांधीजी येत गेले, आणि हिशेबातल्या एका चुकीमुळे ते अणुबॉम्ब टाकत सुटायचे अशी आख्यायिका जगभर पसरली. अशी चूक मूळ खेळात नव्हतीच, असं खुद्द मायर यांनी 2020 च्या आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट केलं आहे. 2018 मध्ये चंद्रगुप्त मौर्य आले आणि सातव्या खेळात अशोक पुन्हा आले, ते बरं झालं. राष्ट्रकूट अजून यायचे आहेत.

ज्यांना आता खेळायला बसायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ‘एक शेवटची टर्न’ म्हणता म्हणता पहाट होते, हे या खेळाचं जगजाहीर व्यसन आहे. नीटच्या तयारीत असलेल्या मुलाने सुट्टीच्या दिवशीच बसावं, आणि किती टर्न खेळायच्या ते आधी कागदावर लिहून ठेवावं. दुसरी गोष्ट सुरुवातीची. हातात फक्त मोबाइल असेल तर ‘अनसिव्ह’ हा पाचव्या ‘सिव्हिलायझेशन’च्या धर्तीवरचा मुक्त खेळ घ्या. संगणक असेल तर ‘फ्रीसिव्ह’ घ्या, कारण त्याच्या नियमांच्या फाइली साध्या मजकुराच्या आहेत आणि कुठल्या जमिनीला किती धान्य, सिंचनाने त्यात किती भर, हे आकडे हाताने बदलता येतात. नकाशाही आपला आपण काढता येतो. गोदावरी, मांजरा, मन्याड, लेंडी आणि बालाघाटाचे माळ यांचा नकाशा काढा. काळ्या जमिनीला धान्य चढतं ठेवा, माळाला एकच वाटा द्या, सिंचनाची भर निम्म्यावर आणा. दोघं असाल तर एकाने वरचा काठ घ्यावा, एकाने खालचा, आणि दर दहाव्या टर्नला थांबून नदीचा करार वहीत लिहावा: दरवाजे कधी उघडायचे, किती पाणी सोडायचं, मोडणाऱ्याला दंड काय. पुढच्या डावाला काठांची अदलाबदल करावी.